नत्रवायूची खतावणी

केंद्र सरकारच्या लेखापरीक्षेत ३४ वर्षे काढून, दुसऱ्यांच्या जमाखर्चातली विसंगती हुडकण्यापलीकडे ज्याला कोणतीही विद्या अवगत नाही अशा माणसाने, सेवानिवृत्तीनंतर मोटारसायकलींच्या चाकांत वायू भरण्याच्या दुकानी गल्ल्यावर जाऊन बसावे, हा प्रकार माझ्या साताऱ्याकडच्या आप्तेष्टांना अखेरपर्यंत उमगला नाही; आणि खरे सांगायचे तर प्रारंभी तो मलाही उमगला नव्हता. दिल्लीच्या मयूर विहार फेज वनमधील आमच्या गृहसंस्थेत माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सरदारजींच्या मुलाने २०२३ च्या आरंभी टायरांचे दुकान थाटले, कर्ज काढून नायट्रोजनचे यंत्र आणले, आणि कर्जाचा पहिलाच हप्ता ज्या दिवशी चुकला त्या दिवशी संध्याकाळी सरदारजींनी आमच्या दारावरची घंटा वाजवून "भाईसाहब, लडके का हिसाब ज़रा देख लीजिए" एवढेच म्हटले. हिशेब पाहण्यास म्हणून गेलो, तो पावणेदोन वर्षे तेथून हललो नाही.

दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, बाहेर निंबाचे एक झाड, झाडाला टेकवून ठेवलेल्या जुन्या टायरांची उतरंड, आणि दर्शनी भागी हिरव्या अक्षरांत नायट्रोजनची महती सांगणारा फलक. टायर थंड राहतो, आयुष्य वाढते, तेल वाचते, इत्यादी. फलक वाचताच माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायूच असतो, एकवीस भाग ऑक्सिजन, आणि उरलेल्या एका भागात बहुतांशी आरगॉन. तेव्हा पेट्रोलपंपावर जी हवा नियमानेच फुकट मिळावयाची, तीत हा विक्रीचा माल तीन चतुर्थांशाहून अधिक अगोदरच भरलेला आहे. म्हणजे आमच्याकडे येणारा ग्राहक पैसे मोजीत होता ते नत्र मिळावे म्हणून नव्हे, तर ऑक्सिजन मिळू नये म्हणून. जमेसाठी सगळेच पैसे देतात. वजावटीसाठी पैसे देणारे गिऱ्हाईक मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

वजावट करणारे ते यंत्र मात्र मोठे प्रेक्षणीय होते. कपाटाएवढ्या त्या पेटीत दोन उभी नळकांडी, आणि त्यांत कोळशापासून केलेले बारीक काळे दाणे. दाबाखाली हवा आत शिरली की या दाण्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन चटकन अडकतो, नत्र मागे राहतो आणि पुढल्या टाकीत जमा होतो. एक नळकांडे असे काम करीत असता दुसरे आपला दाब सोडून अडकलेला ऑक्सिजन बाहेर टाकते, आणि ठरावीक वेळाने दोन्ही आपली पाळी बदलतात. पाळी बदलताना 'फुस्स' असा दीर्घ निःश्वास ऐकू यायचा. आमचे उस्ताद, बुलंदशहराकडचे एक अबोल गृहस्थ, ज्यांना टायर हाताने थोपटून दाब सांगता येई, ते या आवाजाला यंत्राचा श्वास म्हणत. त्यांची कामाची रीत मी तासन् तास पाहिली आहे. वॉल्व्हची टोपी काढून ती ओठांत धरायची, चावीने पिन सैल करून आतली हवा जाऊ द्यायची, मग नळी लावायची. आणि सर्व झाल्यावर तर्जनीला थुंकी लावून ते बोट वॉल्व्हच्या तोंडावर अलगद टेकवायचे. बुडबुडा फुगला तर पिन गळते आहे. नुसता ओला ठिपका राहिला तर काम फत्ते. हजारोंच्या यंत्राचा अखेरचा दाखला या थुंकीच्या ठिपक्याने मिळे.

पण पहिल्याच आठवड्यात मी उस्तादांना एक आक्षेप काढून दाखवला. चाक रिकामे केले असे आपण म्हणतो, पण ते खरोखर रिकामे होत नाही. मापकावरचे ३० पौंड म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा ३० अधिक, वातावरणाचे १४.७ धरले की आतला खरा दाब ४४.७ होतो. काटा शून्यावर आला तरी, ट्यूब नसलेला टायर आपला आकार धरून उभा असतो आणि त्याच्यात १४.७ ची साधी हवा आरंभीची शिल्लक म्हणून राहतेच. ती एकूण भरतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आहे. वर यंत्रातला शंभरात ९५ शुद्धतेचा वायू भरला तरी मिश्रण ८९ च्या आसपासच जाते. पुन्हा रिकामे करून पुन्हा भरावे तेव्हा ९३. उस्तादांनी माझे त्रैराशिक शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जिसे जल्दी है उसका एक बार, जिसे तसल्ली है उसका तीन बार." म्हणजे त्यांना हे गणित न मांडताच ठाऊक होते, आणि त्यांनी ते ग्राहकाच्या स्वभावावर सोडून दिले होते.

भरून झाले की काळ्या टोपीच्या जागी हिरवी टोपी बसे. दोन रुपयांचाही नसेल असा तो प्लॅस्टिकचा तुकडा, परंतु त्याला सनदेचे मोल आले होते. घरोघर जेवण पोचवणारी पोरे, ज्यांना दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी हाकावी लागते आणि ज्यांचा एकेक रुपया बांधलेला असतो, ती कधीकधी येऊन म्हणत, "अंकलजी, हवा रहने दो, टोपी दे दो." मी ती देत असे आणि किरकोळ विक्रीत दोन रुपये जमा मांडत असे. सनदेशिवाय शिक्का विकणे हे माझ्या जुन्या खात्यात गंभीर प्रकरण झाले असते.

येथे थोडे विषयांतर होते, पण ते मला टाळवत नाही. दुकानातून उत्तरेस थोडे गेले की पटपडगंज लागते. आज तेथे गगनचुंबी गृहसंस्थांची दाटी आहे, पण ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या याच पूर्वतीरावर दौलतराव शिंद्यांच्या फौजेने, लुई बुर्कां या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली, जनरल लेकशी लढाई दिली आणि ती गमावली. दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली ती त्या दिवशी, आणि डिसेंबरात सुर्जी अंजनगावच्या तहाने त्या जाण्यावर मोर्तब झाले. त्या रणाचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. शिंद्यांच्या तोफा त्या दिवशी ज्या दारूवर बोलल्या तिचा मुख्य घटक सोरा, आणि सोऱ्यातला प्राण म्हणजे हाच नत्र. १७७२ मध्ये एडिंबरोच्या डॅनिएल रदरफोर्डने तो हवेतून वेगळा ओळखला. लाव्हाझिएने त्यात जीव तगत नाही म्हणून त्याचे नाव 'निर्जीव' अशा अर्थाचे ठेवले. आणि १७९० मध्ये शाप्ताल या दुसऱ्या फ्रेंच रसायनज्ञाने सोऱ्याचा जनक या अर्थी त्याला नायट्रोजन म्हटले. सोऱ्यात बांधला गेला की तट फोडणारा, आणि मोकळा सुटला की कशातच भाग न घेणारा, असा हा विलक्षण पदार्थ. जेथे आमच्या लोकांनी तो तोफांतून उडवून राज्य घालवले, त्याच शिवारात सव्वादोनशे वर्षांनी एक सातारकर तोच पदार्थ चाकात भरून वीस रुपयांची पावती फाडीत बसला होता. इतिहासाला विनोदबुद्धी आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण हिशेब पुरा करण्याची हौस त्याला असावी.

दुकान निघाले त्या वर्षीच्या जुलैत यमुनेने मर्यादा सोडली. १३ जुलै २०२३ ला जुन्या लोखंडी पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर गेले, १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मागे पडला, आणि नदीकाठच्या खादरातली कुटुंबे आपली गुरे, खाटा, भाजीच्या हातगाड्या घेऊन मयूर विहारच्या रस्त्याच्या कडेला तंबूंतून राहू लागली. उस्तादांनी त्या हातगाड्यांच्या आणि सायकलींच्या चाकांत आठवडाभर हवा भरली; पैसे घेतले नाहीत, मला विचारलेही नाही. मी ती रक्कम धर्मादाय या सदराखाली खर्ची टाकली. त्या दिवसांत हवा इतकी दमट असे की कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ सोडला की तांब्याभर गंजके पाणी निघे. साध्या हवेचा खरा दोष असेल तर तो ऑक्सिजनपेक्षा या पाण्यात आहे, असे माझे मत तेव्हापासून झाले. पाणी टायरात गेले की उन्हाने त्याची वाफ होते, दाब वेडावाकडा चढतो आणि रिम आतून गंजते. यंत्रातला वायू निदान कोरडा होता.

मी दुकानात एक नवी वही घातली होती. प्रत्येक गाडीचा क्रमांक, वायू साधा की नत्र, येतानाचा दाब, जातानाचा दाब, आणि त्या वेळचे तापमान. मालकाला हा म्हातारचळ वाटे, पण हप्ते वेळेवर जात असल्याने तो काही बोलत नसे. या वहीतून पहिली गोष्ट दिसली ती जानेवारीत. धुक्याच्या सकाळी एकेक ग्राहक तावातावाने यावा आणि म्हणावा, तुम्ही म्हणालात नायट्रोजन उतरत नाही, मग हे काय? मी त्यांना समजावू पाही की मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांवर ३० पौंड भरलेला दाब ५ अंशांच्या पहाटे, एक कणही बाहेर न जाता, २५ वर येतोच. वायू तापला की फुगतो, निवला की आक्रसतो, आणि या नियमापुढे नत्र आणि साधी हवा या दोघांचा दर्जा एकच आहे. कोणी ऐकले नाही. फलकावर तसे लिहिलेले नव्हते ना.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करणारी होती. साधी हवा भरणारा मनुष्य पंधरा दिवसांनी येई, नत्र भरणारा दोन-दोन, तीन-तीन महिने फिरकत नसे; आणि फिरके तेव्हा त्याच्या चाकातला दाब बहुधा त्या पहिल्यापेक्षा कमीच निघे. नत्र रबरातून सावकाश झिरपतो, ऑक्सिजन त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने, हे खरेच आहे. अमेरिकेतील 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' मासिकाने मोटारींच्या ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर हाच प्रयोग केला होता. ३० पौंडांपासून आरंभ करून साध्या हवेचे सरासरी साडेतीन पौंड घटले, नत्राचे २.२. वर्षाकाठी १.३ पौंडांची बचत. पण झिरपणे मंद झाले तसे गाडीमालकाचे लक्षही मंद झाले, आणि ही दुसरी मंदी पहिलीच्या फायद्याला पुरून उरली. हे मी सर्वांविषयी म्हणत नाही. माझ्या वहीपुरते म्हणतो.

नत्र जेथे खरोखर लागतो ती जागा वेगळी आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एका प्रवासी विमानाचा अडकलेला ब्रेक इतका तापला की साध्या हवेने भरलेला टायर उड्डाणानंतर आतल्या आत फुटला, आग लागली आणि १६७ माणसे गेली. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने मोठ्या विमानांच्या टायरांत नत्रच असावा, ऑक्सिजन शंभरात पाचांहून अधिक नसावा, असा हुकूम काढला. तेथे ऑक्सिजन वजा करणे म्हणजे आगीतून तिचा श्वास वजा करणे होय. त्रिलोकपुरीच्या वळणावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला त्या हुकुमाचा लाभ किती, याचे उत्तर मी ग्राहकांना देत असे. ते हसून पावती घेत.

आता ज्या प्रकरणासाठी हे सारे लिहावयास घेतले त्याकडे येतो. २०२४ च्या मे महिन्यात, २९ तारखेला, दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली, देशभर खळबळ उडाली, आणि मग हवामान खात्याने तपासून सांगितले की ते उपकरणच तीन अंश अधिक दाखवीत होते. दुकानात मी या गोष्टीवर मनसोक्त हसलो होतो. "यंत्राच्या तोंडचा आकडा लिहून घेणे म्हणजे मोजणे नव्हे," असे काहीसे वाक्य मी मालकाला ऐकवल्याचेही स्मरते.

त्याच साली श्रावणात, सप्टेंबरच्या तोंडाशी, यंत्राची सालाबाद तपासणी करण्यास कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने खिशातून आपले छोटे मापक काढून नळीच्या तोंडाशी धरले आणि भुवया उंचावल्या. ऑक्सिजन शंभरात १९. यंत्राच्या दर्शनी पट्टीवर मात्र नत्र ९५.२ झळकत होता. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमधून तेल आणि पाणी आत गेले होते, काळे दाणे चिकटून निकामी झाले होते, आणि शुद्धता दाखवणारा संवेदक कोणत्याशा दिवशी त्या एका आकड्यावर मरून पडला होता. आम्ही फुकटात मिळणारी हवा वीस रुपयांना विकत होतो.

कोणत्या दिवसापासून, ते शोधण्याचे काम माझे. मी वही उघडली. रोज सकाळी दुकान उघडताच पट्टीवरचा आकडा टिपून ठेवण्याचा माझा शिरस्ता होता. जुलैत तो ९४.८, ९५.६, ९५.१ असा खालीवर होत होता, आणि ऑगस्टच्या एका तारखेपासून पुढे ९५.२, ९५.२, ९५.२, असे बावीस दिवस, माझ्याच हस्ताक्षरात, एकाखाली एक. ते पान पाहताना माझ्या कानशिलांना आच लागल्यासारखे झाले. कारण उभ्या नोकरीत नव्या मुलांना मी पहिला धडा जो दिला तो हाच होता की, प्रवासभत्त्याच्या बिलात असो की गोदामाच्या मोजदादीत, खरा आकडा कधी स्थिर बसत नाही, आणि सलग एकच आकडा येऊ लागला की तो जागेवर न जाता लिहिलेला समजावा. आणि तो धडा देणाऱ्यानेच बावीस दिवस, रोज सकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून, तो आकडा सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. उस्ताद मात्र मागच्या बाजूला हात पुसत म्हणाले, "मैंने कहा था, मशीन की साँस बदल गई है." म्हटले होते. मी पट्टीकडे बोट दाखवून त्यांना गप्प केले होते, तेही मला आठवले.

मालकाचे म्हणणे, झाले ते झाले, दाणे बदलू आणि पुढे चालू. बावीस दिवसांत कोणाची तक्रार नाही, मग खपली कशाला काढायची? व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे चुकत नव्हते. पण मी त्याला सांगितले की पैसे परत करायचे नसतील तर नको करूस, मात्र वहीत ज्यांचे फोन क्रमांक आहेत त्यांना बोलावून खरा वायू विनामूल्य भरून दे, नाहीतर माझी वही आणि मी दोघेही घरी जातो. मुलगा भला. डोके खाजवत कबूल झाला.

मी फोन केले. बहुतेकांनी "अच्छा अच्छा" म्हणून ठेवून दिला. थोडे आले. आलेल्यांच्या चाकांतला दाब मी एरवीच्या नोंदींशी ताडून पाहिला. बावीस दिवसांतल्या त्या गाड्या कोणत्या आणि त्याआधीच्या खऱ्या नत्राच्या कोणत्या, हे आकड्यांवरून मला वेगळे काढता आले नाही. महिन्याभरात अर्ध्या पौंडाचाही नसलेला फरक पिनेच्या गळतीत, उन्हापावसात आणि मापक तिरके धरण्यात केव्हाच बुडून जातो. नोएडात नोकरीला जाणारा एक तरुण तर चाकाला हात लावू देईना. म्हणाला, "अंकल, जब से आपका नाइट्रोजन डलवाया है, गाड़ी मक्खन जैसी चल रही है. रहने दीजिए." मी त्याला स्पष्ट सांगितले की बाबा रे, ती साधी हवा आहे. त्याने माझ्याकडे, वय झालेल्या माणसाकडे पाहावे तसे ममतेने पाहिले, आणि हिरव्या टोपीवरची धूळ अंगठ्याने पुसून निघून गेला.

ऑक्टोबरच्या मध्यास कर्जाचे हप्ते रुळावर आले आणि मी दुकान सोडले. माझी स्वतःची स्कूटर एवढ्या काळात मी कधी नत्राने भरली नव्हती. तिच्या टोप्या काळ्याच होत्या, आणि उस्तादांनी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. शेवटच्या दिवशी किल्ल्या देऊन बाहेर आलो तो स्कूटरच्या दोन्ही चाकांना हिरव्या टोप्या. आत काय भरले आहे ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मागच्या चाकावर मापक लावून पाहिले, बरोबर ३०. ऊन ३२ अंशांचे होते.

जानेवारीत, ६ अंशांच्या एका सकाळी, गॅरेजात जाऊन पुन्हा मापक लावले. काटा पंचविसावर थांबला. पाचांपैकी चार पौंड थंडीच्या नावे टाकता येतात; उरलेला एक कोणाच्या नावे टाकावा याचा निर्णय होईना, म्हणून तो मी उचंत खात्याला मांडून ठेवला आहे.